ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यार्थी, त्यांचे फील्डवर्क आणि जिल्ह्यात न भरणारी जागा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातील आपल्या धर्मादाय रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे आजार किंवा दुखापतीनंतर रुग्णाला रोजची कामे पुन्हा करता यावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाची, एक जागा मंजूर आहे, पण पुन्हा पुन्हा जाहिरात देऊनही ती भरली जात नाही. फिजिओथेरपीचे विद्यार्थी आपल्याकडे नियमित येतात. तसेच ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यार्थीही फील्डवर्कसाठी, म्हणजे देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम शिकण्यासाठी, बोलावले, तर त्यांच्यापैकी कोणी पुढे नोकरीला राहील का आणि त्यासाठी रुग्णालयाने काय तयारी करावी, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी साताऱ्यात बरीच वर्षे याच विषयात काम करते आणि विद्यार्थ्यांच्या फील्डवर्कची जबाबदारीही सांभाळत आले आहे, त्यामुळे अनुभवाच्या आधारे उत्तर देते.

विद्यार्थी पुढे नोकरीला राहू शकतात आणि काही जण राहतातही. मात्र आपण मनात धरलेला क्रम बदलावा लागेल. थेरपिस्ट मिळत नाही, म्हणून विद्यार्थी आणून काम सुरू करावे, असा आपल्या प्रश्नाचा रोख दिसतो. विद्यार्थी येण्याआधी त्यांच्यावर देखरेख करणारी पात्र, नोंदणीकृत ऑक्युपेशनल थेरपिस्ट व्यक्ती, आठवड्यातून ठरावीक वेळ का होईना, आपल्याकडे असलीच पाहिजे. तशी व्यक्ती नसताना कोणतेही जबाबदार महाविद्यालय विद्यार्थी पाठवणार नाही, आणि एखाद्याने पाठवलेच, तर ती मुले परत जाऊन आपल्या वर्गाला जे सांगतील, त्याने आपली जागा आणखी काही वर्षे रिकामी राहील.

प्रथम या शिक्षणाची रचना लक्षात घ्यावी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीओटीएच (बॅचलर ऑफ ऑक्युपेशनल थेरपी) या पदवीची अनेक वर्षे चालत आलेली रचना चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप अशी आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला गेला. ऑक्युपेशनल थेरपी त्याच्या कक्षेत येते आणि देशभरातले अभ्यासक्रम एकसारखे करण्याचे काम त्याच्याकडे आहे. त्यामुळे ज्या तुकडीचे विद्यार्थी आपण घेणार, तिच्या इंटर्नशिपचा कालावधी आणि अटी त्या महाविद्यालयाकडूनच लेखी घ्याव्यात. जागतिक पातळीवर या व्यवसायाच्या महासंघाने, म्हणजे डब्ल्यूएफओटीने, शिक्षणाची जी किमान मानके ठरवली आहेत, त्यांनुसार प्रत्येक विद्यार्थ्याचे किमान १००० तासांचे फील्डवर्क अपेक्षित आहे. हे तास वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या आजारांच्या रुग्णांबरोबर आणि वेगवेगळ्या ठिकाणी व्हावेत, असाही त्या मानकांचा आग्रह आहे. महाविद्यालयांना आपली गरज लागते ती याच ठिकाणी. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात रुग्णसंख्या भरपूर असते, पण रुग्णाचे घर, शेत, शाळा आणि कामाची जागा विद्यार्थ्याच्या नजरेस क्वचितच पडते.

देखरेख करणाऱ्या व्यक्तीची नोंदणी हा मुद्दा कागदोपत्री समजू नये. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी यांची एकत्रित राज्य परिषद २००२ च्या अधिनियमाखाली आहे आणि तिथली नोंदणी असल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. आपल्याकडचे फिजिओथेरपिस्ट कितीही अनुभवी असले, तरी ऑक्युपेशनल थेरपीच्या विद्यार्थ्याच्या कौशल्यांचे मूल्यमापन करून लॉगबुकावर, म्हणजे त्याच्या कामाच्या नोंदवहीवर, सही करण्याचे काम त्यांच्यावर टाकू नये. रोजच्या व्यवहारात विद्यार्थ्यांना सांभाळणे, रुग्णांशी ओळख करून देणे, रुग्णालयाच्या पद्धती शिकवणे, हे ते उत्तम करतील. जगभर ज्या ठिकाणी अजून थेरपिस्ट नेमलेला नाही, तिथे अशीच दुहेरी व्यवस्था वापरतात. जागेवरची रोजची जबाबदारी एका व्यक्तीकडे असते आणि व्यावसायिक देखरेख बाहेरून येणाऱ्या थेरपिस्टकडे. आपल्याला मिरज, कोल्हापूर किंवा कराड परिसरातून आठवड्यातले दोन दिवस येणारी व्यक्ती मानधनावर मिळवता आली, तर सुरुवात करता येईल. उरलेल्या दिवसांत फोनवर आणि व्हिडिओवर ती उपलब्ध राहील, हेही करारात लिहावे. मात्र अशी व्यवस्था शेवटच्या वर्षातल्या किंवा इंटर्नशिपच्या विद्यार्थ्यांसाठीच ठेवावी. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शेजारी उभे राहून दाखवणारे माणूस रोज लागते.

आता मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येते, तो म्हणजे विद्यार्थ्याला आपल्याकडे शिकायला काय मिळणार. एक नेहमीचा रुग्ण घेऊन सांगते. तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्षबागेत काम करणारा एखादा तरुण कडबाकुट्टीच्या यंत्रात उजवा हात सापडून येतो. शस्त्रक्रिया झालेली असते. अनामिका आणि करंगळी पुरती वळत नाहीत, तळहातावरची कातडी नवी आणि नाजूक असते, अंगठा, तर्जनी आणि मधले बोट मात्र बऱ्यापैकी शाबूत असते. नवी आलेली विद्यार्थिनी मोजमाप करून लिहिते, "उजव्या हाताची पकड कमी. पकड वाढवण्याचे व्यायाम." हे चुकीचे नाही, पण एवढ्यावर थांबले तर त्यात ऑक्युपेशनल थेरपी अजून सुरूच झालेली नाही. अशा वेळी देखरेख करणाऱ्या थेरपिस्टने तिला एकच सांगावे, की रुग्णाच्या घरून त्याची छाटणीची कात्री मागवून घे आणि ती त्याच्या हातात देऊन बघ.

कात्री हातात आली की विद्यार्थिनीला दिसू लागते, की छाटणीत जोर लावायचा तो मुख्यतः अनामिका आणि करंगळीच्या बाजूने, आणि नेमकी तीच बाजू जायबंदी आहे. कात्रीच्या मुठी स्प्रिंगमुळे जितक्या उघडतात, तितका हात उघडत नाही. मांडवाखाली हात डोक्याच्या वर ठेवून दिवसभर काम करायचे असल्याने खांदाही लवकर थकणार. छाटणीनंतर वेलीचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात, ते कातडीला घातक असते आणि या नव्या कातडीला तर ते मुळीच लागता कामा नये. पण याच हाताची चिमटीची पकड चांगली आहे. मग ती स्वतःहून सुचवते, की ऑक्टोबर छाटणी याने यंदा करू नये, पण पुढे दीड-दोन महिन्यांनी घडातल्या मण्यांची विरळणी सुरू होईल, तिला लहान कात्री आणि चिमटीच लागते. तोवर हात तयार करता येईल आणि त्याची हंगामाची मजुरी पूर्ण बुडणार नाही. त्यानंतर ती मोठ्या कात्रीची मूठ जाड करून बघते, स्प्लिंट (हाताला आधार देणारा साचा) कधी घालायचा आणि कधी काढायचा हे कामाच्या वेळांशी जुळवते, बागमालकाशी बोलते. उपचाराचे उद्दिष्ट पिकाच्या वेळापत्रकावर ठरवण्याची ही पद्धत पुस्तकात सापडत नाही. ती एकदा साधली, की त्या मुलीला आपल्या व्यवसायाचा खरा उपयोग कळतो. अशी कामे केलेले विद्यार्थी आपल्या भागाबद्दल वेगळ्या आदराने बोलतात, हे मी पुन्हा पुन्हा अनुभवले आहे.

यावरून फील्डवर्कच्या मुदतीचाही निर्णय होतो. पंधरा दिवसांच्या पोस्टिंगमध्ये वरच्या उदाहरणातला पहिला कागद तेवढा लिहून होईल आणि मुलगी निघून जाईल. आपण महाविद्यालयाशी बोलाल, तेव्हा दोन विद्यार्थ्यांच्या एका जोडीसाठी सलग सहा ते आठ आठवडे मागावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यार्थी कमी आले तरी चालतील, पण त्यांनी एखादा रुग्ण पहिल्या मोजमापापासून कामावर परतेपर्यंत, निदान त्याच्या जवळपास पोहोचेपर्यंत, बघितला पाहिजे.

आपल्या परिसरात शिकण्यासारखे बरेच आहे, ते महाविद्यालयाला पत्रातच सांगावे. मिरजेत १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी रुग्णालय सुरू केल्यापासून उपचारासाठी दूरवरून येण्याची परंपरा आहे. तिथेच कुष्ठरुग्णांसाठीचे रिचर्डसन रुग्णालय आहे. कुष्ठरोगात अल्नर नस (कोपरामागून करंगळीकडे जाणारी नस) बाधित झाल्याने आखडलेली बोटे, बधिर हाताने स्वयंपाक करताना होणारे भाजणे आणि ते टाळण्यासाठी भांड्यांच्या मुठींना करायचे बदल, हे सगळे विद्यार्थ्याने एकदा तरी पाहिले पाहिजे. विट्याच्या यंत्रमागांवरच्या हाताच्या दुखापती, ऊसतोड टोळ्यांमधले कोयत्याचे घाव, अर्धांगवायूनंतर घरी पडून राहिलेली वयस्कर माणसे, जिल्हा रुग्णालयांतल्या डीईआयसी (बालकांतले दोष लवकर ओळखून उपचार करणाऱ्या) केंद्रांकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून येणारी विकासात मागे पडलेली बालके आणि समग्र शिक्षा अभियानातील दिव्यांग मुले, इतकी विविधता एका जिल्ह्यात मिळते. या प्रत्येक ठिकाणी विद्यार्थी पाठवायचे तर त्या त्या कार्यालयाची लेखी परवानगी आणि रुग्णाची किंवा पालकांची संमती आधी घ्यावी.

रुग्णालयाच्या आत मात्र एक खोली हवी. त्या खोलीत जमिनीवर बसण्याची सोय, एक ओटा, खाली ठेवलेली शेगडी, परात, तांब्या, बादली आणि शक्य झाल्यास जवळच भारतीय पद्धतीचे शौचालय असावे. अर्धांगवायू झालेल्या आजींचे मूल्यमापन परदेशी तक्त्यावर होते, पण आजी घरी जाऊन भाकरी थापणार आहेत, लुगडे नेसणार आहेत, जमिनीवरून उठणार आहेत. उजवा हात गेला म्हणून डाव्या हाताने जेवायला सांगितले, तर अनेक आजी चारचौघांत जेवायचेच सोडतात. विद्यार्थ्याने ही अडचण त्यांच्या शेजारी बसून समजून घ्यावी लागते. याखेरीज स्प्लिंट बनवण्यासाठी थर्मोप्लास्टिकची शीट, ती गरम करण्याचे पात्र आणि त्यासाठी वार्षिक तरतूद हवी. शीट महाग असते, आणि दर वेळी त्यासाठी अर्ज करावा लागणार असेल, तर कोणताही चांगला थेरपिस्ट लवकर कंटाळतो.

देखरेखीबद्दल आणखी थोडे सांगते. एका थेरपिस्टमागे दोन विद्यार्थी ही माझ्या मते आपल्यासारख्या ठिकाणी योग्य संख्या आहे. परक्या गावात जोडी असली की मुले एकमेकांना आधार देतात, एकमेकांचे काम तपासतात आणि प्रत्येक शंका घेऊन थेरपिस्टकडे धावत नाहीत. पहिला आठवडा ओपीडीचा वेग कमी होईल, हे व्यवस्थापनाने आधीच मान्य करावे. तेवढ्यात कोणी तक्रार केली, तर थेरपिस्ट शिकवणे आवरते घेतो आणि मुले बाकावर बसून राहतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ती स्वतंत्रपणे रुग्ण हाताळू लागतात आणि गमावलेला वेळ भरून येतो. आठवड्यातून एकदा, रुग्ण नसतील अशा वेळी, तासभर बसून चर्चा करायची आणि ती वेळ कोणत्याही कारणाने रद्द करायची नाही, हा नियम पाळावा. मध्यावर लेखी मूल्यमापन करावे. एखादी मुलगी कुठे कमी पडते आहे, हे तिला शेवटच्या दिवशी सांगण्यात काही अर्थ नसतो, कारण सुधारायला वेळच उरलेला नसतो.

राहण्याच्या सोयीवर बरेच काही अवलंबून असते. या शिक्षणात मुलींचे प्रमाण मोठे आहे आणि पालकांचा पहिला प्रश्न निवासाचा असतो. रुग्णालयाच्या आवारात किंवा अगदी जवळ सुरक्षित खोली, जेवणाची सोय आणि गृहभेटीसाठी रुग्णालयाचे वाहन द्यावे. शेवटच्या एसटीच्या भरवशावर कोणालाही वाडीवस्तीवर पाठवू नये. इंटर्नना स्टायपेंड कोण देणार, हे करारात स्पष्ट करावे. विद्यार्थ्यांच्या उपचारासाठी रुग्णांकडून थेरपिस्टचे पूर्ण शुल्क घेणे आणि देखरेखीवाचून त्यांच्याकडून ओपीडी चालवून घेणे, हे दोन्ही प्रकार मला अत्यंत आक्षेपार्ह वाटतात. त्यात रुग्णाची फसवणूक आहे आणि विद्यार्थ्याचेही नुकसान आहे.

आता नोकरीच्या जागेकडे वळू. आपण पाठवलेली जाहिरात मी वाचली. तिच्यात पदनाम "फिजिओथेरपिस्ट / ऑक्युपेशनल थेरपिस्ट" असे एकत्र आहे, नेमणूक ११ महिन्यांच्या कंत्राटावर आहे आणि कामाच्या स्वरूपात "विभागप्रमुख सांगतील ती कामे" एवढेच लिहिले आहे. नुकतीच पदवी घेतलेली मुलगी हे वाचून काय समजते? आपले काम काय आहे हे या रुग्णालयाला नीट ठाऊक नाही, बहुधा दिवसभर शेकण्याच्या यंत्रांवर उभे राहावे लागेल, आणि अडचण आली तर विचारायला कोणी नाही. पुण्या-मुंबईतल्या बालविकास केंद्रांत पगार जास्त असतो हे खरे, पण केवळ पगारामुळे जागा रिकामी राहते, असे मला वाटत नाही. एकटे पडण्याची भीती त्याहून मोठी असते. पहिल्या नोकरीत माणूस पदवीइतकेच नव्याने शिकत असतो आणि त्या काळात वरिष्ठाचा आधार नसेल, तर तो दोन-तीन वर्षांत हा व्यवसायच सोडण्याचा विचार करू लागतो.

म्हणून जाहिरात नव्याने लिहावी. पद स्वतंत्र असावे, कंत्राटाऐवजी परिविक्षेनंतर कायम होणारी नेमणूक असावी, आणि हाताच्या दुखापती, अर्धांगवायू, बालरुग्ण यांपैकी मुख्य काम कोणते, आठवड्यात गृहभेटींना किती वेळ, स्प्लिंटसाठी काय तरतूद, हे सारे त्यात यावे. पहिल्या वर्षी बाहेरच्या अनुभवी थेरपिस्टबरोबर दर आठवड्याला व्हिडिओवरून रुग्णचर्चा होईल आणि तो वेळ कामाचाच धरला जाईल, हे वाक्य जाहिरातीत जरूर घालावे. परिषदेच्या नोंदणीचे नूतनीकरण आणि वर्षातून एका व्यावसायिक संमेलनाला किंवा कार्यशाळेला जाण्याचा खर्च रुग्णालयाने उचलावा. ही रक्कम फार मोठी नसते, पण वाचणाऱ्याला आपल्या हेतूबद्दल खात्री वाटते.

विद्यार्थी कोणते मागवावेत, यालाही महत्त्व आहे. ऑस्ट्रेलियात विद्यापीठांचे ग्रामीण आरोग्य विभाग १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून विद्यार्थ्यांना दूरच्या गावांत फील्डवर्कसाठी पाठवत आले आहेत. तिथल्या अनुभवातून दोन गोष्टी पुढे आल्या. गावाकडे चांगले फील्डवर्क केलेले विद्यार्थी पुढे तिकडे नोकरी करण्याची शक्यता वाढते, आणि मुळात जे गावाकडचे असतात, त्यांच्यात ती आणखी जास्त असते. आपल्याकडून मुंबई, नवी मुंबई, नागपूर अशा ठिकाणी हे शिकायला गेलेली जत, शिराळा, खानापूर, माण, खटाव भागातली मुले असतात. महाविद्यालयाला पत्र लिहिताना अशा मुलांना प्राधान्य द्यावे आणि इतरांना स्वेच्छेने येऊ द्यावे, अशी विनंती करावी. सक्तीने पाठवलेला विद्यार्थी आठ आठवडे कसेबसे काढतो आणि परत येत नाही.

इथे एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. फील्डवर्क चालू असताना नोकरीची बोलणी करू नयेत. जी व्यक्ती लॉगबुकावर सही करणार आहे, तिनेच "पुढे आमच्याकडे येणार ना?" असे विचारले, तर विद्यार्थिनीला नकार देता येत नाही आणि मूल्यमापनही निर्मळ राहत नाही. गुण महाविद्यालयाकडे पाठवून झाल्यावर व्यवस्थापनातल्या दुसऱ्या व्यक्तीने संपर्क साधावा. मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा प्रत्यक्ष काम बघावे. एखादा रुग्ण, त्याच्या संमतीने, अर्धा तास भेटू द्यावा आणि नंतर विचारावे, की या माणसाला उद्या घरी सर्वांत आधी काय करता यायला हवे आणि ते तुम्हाला कशावरून कळले. उत्तरात रुग्णाचे स्वतःचे शब्द आले, तर उमेदवार ऐकून घेणारा आहे.

साताऱ्याच्या बाजूला विद्यार्थी आले की मी त्यांना फलटणच्या कमला निंबकर बालभवनाबद्दल आवर्जून सांगते. आपल्याकडे हे नाव शाळेमुळे परिचित आहे. पण अमेरिकेत हे शिक्षण घेऊन १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा सुरू करणाऱ्या त्या कमलाबाई, हे आपल्या भागातल्या पुष्कळांना माहीत नसते. ऑक्युपेशनल थेरपिस्टची अखिल भारतीय संघटना १९५२ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. दूरच्या जिल्ह्यात आल्यामुळे आपण व्यवसायाच्या मुख्य प्रवाहाबाहेर पडलो, अशी हुरहुर मुलांच्या मनात असते, ती हे ऐकून बरीच कमी होते.

आपण पुढील शैक्षणिक वर्षासाठी प्रयत्न करणार असाल, तर महाविद्यालयांची पोस्टिंगची वेळापत्रके ठरण्याआधी पत्र जायला हवे. पत्रासोबत देखरेख करणाऱ्या थेरपिस्टची पात्रता आणि परिषदेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र, मागच्या वर्षातील रुग्णांची आजारानुसार संख्या, थेरपीच्या खोलीची छायाचित्रे, निवासाचा तपशील, आठवड्याचे नियोजन आणि कराराचा मसुदा जोडावा. शक्य असेल तर महाविद्यालयातील एका शिक्षकाला दोन दिवस आपल्या खर्चाने बोलवावे, ओपीडीत बसू द्यावे आणि एका गृहभेटीला बरोबर न्यावे. पहिल्या वर्षी एकच जोडी घ्यावी. त्यांचा अभिप्राय लेखी मागवून खोली, वाहन आणि देखरेखीची वेळ यांत जे बदल लागतील ते करून मगच दुसरी जोडी बोलवावी. नव्याने लिहिलेली जाहिरात ही पहिली तुकडी पदवीधर होऊन परिषदेकडे नोंदणी करील त्या सुमारास द्यावी, आणि तिची एक प्रत त्यांच्या महाविद्यालयाकडेही पाठवावी.